पाठीवर बर्फ, पोटात जाळ

रायगडच्या किनाऱ्यावरून मासळी घेऊन निघालेल्या पिकअपचे इंजिन तापते, तेव्हा तिच्या हौद्यात मासळीच्या जवळपास बरोबरीने बर्फ असतो. एवढा बर्फ पाठीवर बाळगून खिंडीत उकळणारे दुसरे वाहन सहसा आढळत नाही. रेवस, थळ, रेवदंडा, कोर्लई, मुरूडलगतचे एकदरा, श्रीवर्धनचे जीवना बंदर, गाडी कुठूनही निघालेली असो, बोंबील आणि कोळंबी थंड, चालक घामाघूम आणि डॅशबोर्डवरचा काटा तांबड्या पट्ट्यात, ही स्थिती सगळीकडे सारखीच. बर्फ मागे, जाळ पुढे आणि मधल्या केबिनमध्ये मागचे पुढे नेऊन ओतावे काय, याचा विचार करणारे दोघे. (ओतू नये. कारण पुढे येईल.)

डिझेल जळून जी उष्णता निघते तिचा ढोबळमानाने एक तृतीयांश भाग चाके फिरवायच्या कामी येतो. साधारण तेवढाच सायलेन्सरमधून धुराबरोबर निघून जातो आणि उरलेल्याची विल्हेवाट मुख्यतः पाण्याला लावावी लागते. पंप हे पाणी ब्लॉक आणि हेडमधून फिरवतो, रेडिएटर ते वाऱ्यावर धरून थंड करतो आणि गाडीचा वेग कमी असेल तिथे पंखा वाऱ्याची भर घालतो. १९०१ सालच्या मर्सिडीज मोटारीला विल्हेल्म मायबाख यांनी बारीक जाळीचा रेडिएटर बसवला, त्यानंतर मूळ तत्त्व फारसे बदललेले नाही. मायबाख यांच्यापुढे एकच अडचण नव्हती: त्यांना रेडिएटरसमोर आई एकवीरेची पाटी लावायची नव्हती. पाटीचा विषयही पुढे आहे.

निरोगी इंजिनातले पाणी ८० ते ९५ अंश सेल्सिअसच्या आसपास राहते. म्हणजे इंजिन गरम असणे हा आजार नव्हे. काट्याने आपली रोजची जागा सोडणे हा आजार, आणि रोजची जागा कोणती हे ठाऊक असण्यासाठी गाडी बरी असतानाही काट्याकडे पाहण्याची सवय लागते. ती कमी लोकांना असते. बहुतेकांची आणि काट्याची पहिली ओळख तो तांबड्यात गेल्यावरच होते.

तपासणीच्या सुरुवातीला हवामानाला निर्दोष सोडून द्यावे, कारण पहिला आरोप त्याच्यावरच होतो. ‘हवाच तशी पडलीय’ हे निदान मे महिन्यात किनाऱ्यावर फुकट मिळते. पण अलिबागला पारा चाळिशी क्वचितच गाठतो. नागपूर-चंद्रपूरकडे तो ४५च्या पुढे जातो आणि तिथेही त्याच बनावटीच्या पिकअप दुपारी संत्री, सिमेंट आणि वऱ्हाडी मंडळी वाहत असतात. राहता राहिला दमटपणा. त्याचा त्रास ज्याला घाम येतो त्याला होतो. रेडिएटरला घाम येत नाही. आला तर ती गळती समजावी.

यानंतर काटा खरे बोलतो आहे की नाही ते पाहायचे. खाऱ्या वाऱ्यात वायरींचे जोड हिरवे पडतात, अर्थिंगची वायर जिथे बॉडीला बोल्टने आवळलेली असते तिथे गंज चढतो आणि विजेला परतीची वाट नीट मिळत नाही. अशा गाडीत हेडलाइट लावला की काटा त्याच क्षणी दोन रेघा वर सरकतो आणि दिवा बंद केला की खाली येतो. पाण्याला एका क्षणात तापता किंवा निवता येत नाही, तेव्हा हे तापणे विजेचे आहे, इंजिनचे नाही. पॉलिश पेपरने अर्थिंगचा जोड घासला की गाडी बरी होते. हा इलाज पाच मिनिटांचा असल्यामुळे मालकाला तो इलाज वाटत नाही. काही नव्या गाड्यांत तर काटाच नसतो, नुसता दिवा असतो. तो लागतो तेव्हा बातमी बरीच जुनी झालेली असते.

काटा खरा ठरला, तर इंजिन नक्की कधी तापते हा सगळ्यात मोलाचा प्रश्न विचारायचा. निम्मे निदान याच्या उत्तरात असते. या बाबतीत अलिबाग तालुक्याला निसर्गाने आणि बांधकाम खात्याने मिळून एक उत्तम प्रयोगशाळा दिली आहे. एका बाजूला कार्लेखिंडीचा चढ, दुसऱ्या बाजूला वडखळची कोंडी. गाडी कोंडीत तापत असेल आणि मोकळ्या रस्त्यावर धरमतरच्या पुलाकडे सुटल्यावर काटा खाली येत असेल, तर वारा कमी पडतो आहे, पंख्याकडे पाहावे. गाडी कोंडीत शांत असून खिंडीत तापत असेल, तर भार पडल्यावर पाणी पुरेसे फिरत किंवा निवत नाही. रेडिएटर, बेल्ट, पंप यांची चौकशी करावी. सकाळी चालू केल्यावर पाच-सात मिनिटांतच काटा चढत असेल, तर थर्मोस्टॅट अडकलेला असण्याचा संशय घ्यावा. आणि पाणी रोज कमी होत असून थेंब मात्र कुठे दिसत नसेल, म्हणजे गॅरेजच्या भाषेत गाडी पाणी खात असेल, तर खिसा चाचपावा.

मुंबई-गोवा महामार्गाने या प्रयोगशाळेत बरीच भर घातली. पनवेल ते इंदापूर (हे माणगावजवळचे इंदापूर) या टप्प्याचे चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झाले आणि पुढे वर्षानुवर्षे चालू राहिले. त्या काळात कासवगतीने तासन् तास चालण्याची जी चाचणी एरवी मुद्दाम घ्यावी लागली असती, ती जिल्ह्यातल्या प्रत्येक पंख्याची आपोआप होत गेली. दक्षिणेकडच्या गाड्यांसाठी सुकेळी खिंड आणि म्हसळा-माणगाव रस्त्यावरचा घोणसे घाट आहे. याउलट भाऊचा धक्का ते मांडवा ही २०२० साली सुरू झालेली रो-रो बोट निदानाच्या दृष्टीने अगदी निरुपयोगी. तिच्यावर चढलेली गाडी तासभर इंजिन बंद करून समुद्राचा वारा खाते आणि मुंबईच्या मेकॅनिकपुढे अशी थंड आणि निष्पाप उभी राहते की मालकच खोटा पडतो.

पावसाळ्यातले दोन महिने आणखी एक धागा मिळतो. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद, त्यामुळे पिकअप मिळेल ते भाडे घेतात आणि पेणहून गणपतीच्या मूर्ती वाहू लागतात. मूर्ती वजनाला हलक्या, पण सोंडेला आणि बोटांना जपत गाडी पायी चालणाऱ्याच्या वेगाने न्यावी लागते. भरलेली असताना न तापणारी गाडी आता जवळजवळ रिकामी असून तापते आणि मालक बुचकळ्यात पडतो. वास्तविक यात बुचकळ्यात पडण्यासारखे काही नाही. वेग गेला की वाऱ्याची सगळी जबाबदारी पंख्यावर येते आणि मरू घातलेला पंखा तिथे उघडा पडतो. मालक मात्र विघ्नहर्त्याच्या गाडीत विघ्न कसे, या दिशेने विचार करत राहतो.

गाडी रस्त्याच्या कडेला घेऊन बॉनेट उघडले की निदानाचा सार्वजनिक भाग सुरू होतो. पहिला थांबतो तो मिनीडोरवाला. त्याचे प्रवासी आत बसून राहतात. त्यांचे तोवर काय होते याची नोंद कोणी घेत नाही. एसटीचा चालक थांबत नाही, पण वेग कमी करून खिडकीतून ‘वॉल काढून टाका, वॉल!’ एवढे सांगून जातो. उत्तर ऐकायला तो नसल्यामुळे त्याच्या मताला वजन येते. जवळच्या शेतावरचा म्हातारा ‘काय रं, गारी तापली?’ असे विचारून धुरकट वाफेकडे बघत उभा राहतो. हा एकटाच मूळ मुद्द्याला धरून बोललेला असतो. मासळीचा मालक बरोबर असेल, तर त्याच्यातला नाखवा जागा होतो. त्याच्या बोटीचे इंजिन समुद्राच्या पाण्यावर थंड होते आणि समुद्र आजवर कधी संपलेला किंवा उकळलेला नाही. त्यामुळे ‘बोटीचं नाय तापत, तर हिचं कसं तापतं?’ हा त्याचा प्रश्न त्याच्या जागी बिनतोड असतो. त्यावरचा त्याचा उपाय मात्र घातक असतो, कारण तो खाडीकडे बोट दाखवतो.

या सल्लागारांत एक गोष्ट समान असते. प्रत्येक जण आपल्या गाडीचा मागचा आजार समोरच्या गाडीत पाहतो. ज्याने गेल्या महिन्यात हेड उतरवले त्याला कोणत्याही बॉनेटखाली फाटलेले गॅस्केट दिसते, ज्याचा पंप गेला होता तो पंपाला कान लावतो. आणि निदान जितके महाग, तितका सांगणाऱ्याचा मान मोठा. ‘हेड उतरवायला लागेल’ हे वाक्य हळू आवाजात, बॉनेटला टेकून उच्चारले की आजूबाजूला गंभीर शांतता पसरते. ‘झाकण खराब असेल’ म्हणणाऱ्याला कोणी चहासुद्धा विचारत नाही.

तपासणी मात्र झाकणापासूनच करायची असते.

रेडिएटरचे झाकण हे नुसते झाकण नाही. कुकरच्या शिट्टीप्रमाणे ते आत दाब धरून ठेवते आणि दाब हाताबाहेर गेला तरच सोडते. साधारण एक बार जादा दाब टिकला, तर आतले साधे पाणीसुद्धा १२० अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही; कुलंट मिसळलेले त्याच्याही पुढे जाते. झाकणाचे रबर कडक झाले किंवा स्प्रिंग मेली की दाब निसटतो, पाणी शंभरीलाच उकळते आणि कार्लेखिंडीच्या माथ्यावर ओव्हरफ्लोच्या नळीतून बाहेर पडते. झाकणात आणखी एक छोटी व्हॉल्व्ह असते. इंजिन निवताना आत निर्वात पोकळी होते, तेव्हा ती उघडून बाटलीतले पाणी परत आत घेते. ही अडकली की सकाळी बॉनेट उघडल्यावर वरचा होज पाइप चपटा झालेला दिसतो. कोणीतरी रात्री येऊन दाबून गेले असावे, इतका चपटा. नवीन झाकण काहीशे रुपयांत येते. त्यावर गॅरेजात होणारा संवाद ठरलेला आहे.

“शेठ, झाकण बदलून घ्या.”

“झाकण? अहो मिस्त्री, गाडी उकळतेय आणि तुम्ही झाकण काय बदलताय?”

“दोन खेपा मारून बघा, नाहीतर परत आणा.”

शेठ गाडी परत आणत नाहीत. ते थेट दुसऱ्या गॅरेजात जातात, जिथे मिस्त्री पाच मिनिटे बोलतच नाही, नुसती मान हलवतो. त्याच्यावर शेठांचा तत्काळ विश्वास बसतो.

गरम असताना झाकण उघडू नये, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्यासाठीच तर सगळे हातात फडके घेतात. फडक्याने हात वाचतो, तोंड वाचत नाही. दाबाखालचे पाणी मोकळे होताक्षणी उसळते आणि भाजलेल्याची पुढची चौकशी दवाखान्यात होते. अर्धा-पाऊण तास थांबणे हा एकच मार्ग आहे आणि संपूर्ण दुरुस्तीतले तेच सर्वांत अवघड काम आहे, कारण ससून डॉकला किंवा भाऊच्या धक्क्याला भाव पहाटेचा असतो आणि बोंबील वाट पाहत नाही. काटा चढताना दिसला आणि पाणी अजून आत असेल, तर गाडी बाजूला घेऊन इंजिन थोडा वेळ आयडलवर चालू ठेवावे, म्हणजे पंप पाणी फिरवत राहतो. पाणीच गेले असेल तर मात्र ताबडतोब बंद करावे. गाडीत हीटर असेल तर तो पूर्ण सोडावा. हीटर म्हणजे केबिनमधला छोटा रेडिएटरच असतो आणि तो इंजिनची थोडी उष्णता काढून घेतो. मे महिन्यात, पोयनाडच्या उतारावर, काचा खाली करून हीटर लावून बसलेला चालक दिसला, तर त्याला वेडे समजू नये. तो जाणकार आहे.

आता बर्फ. हौद्यात टनभर बर्फ असताना तो रेडिएटरवर आणि इंजिनवर टाकावा हा विचार इतका स्वाभाविक आहे की तो प्रत्येक चालकाला एकदा तरी सुचतोच. तापलेल्या ओतीव लोखंडावर किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या हेडवर एकदम थंड पाणी पडले की एक भाग आकसतो, दुसरा फुगलेलाच राहतो आणि हेडला तडा जातो किंवा ते वाकते. म्हणजे जो आजार तोवर फक्त सल्लागारांच्या डोक्यात होता, तो प्रत्यक्षात येतो. पाणी घालायचेच तर इंजिन निवू द्यावे, मग ते चालू ठेवून, बारीक धारेने घालावे. मासळीच्या पेटीतला वितळलेला बर्फ रेडिएटरमध्ये ओतणे हा याचाच पुढचा प्रकार. त्यात मीठ असते, खवले असतात, एखादी मांदेली असते आणि तो रेडिएटर पुढे कुठल्याही गॅरेजात नेला तरी गाडी कुठली हे सांगावे लागत नाही.

पाण्याचा प्रश्न किनाऱ्यावर एकूणच नाजूक आहे. समुद्रालगतच्या विहिरी उन्हाळ्यात मचूळ होतात. हे पाणी जेवणात कळते, रेडिएटरमध्ये कळत नाही. कळते ते वर्षभराने. खारटपणा अ‍ॅल्युमिनियमला खातो आणि पाण्यातला चुना नळ्यांच्या आत थर धरतो. खाडीचे पाणी हे काम कितीतरी लवकर उरकते. बोटीच्या इंजिनची रचना खारे पाणी गृहीत धरून केलेली असते, पिकअपची नसते, हे नाखव्याला पटवण्याचा प्रयत्न मात्र रस्त्यावर करू नये.

यावर कुलंट आहे. त्यातले ग्लायकॉल मुळात थंड मुलखात पाणी गोठू नये म्हणून आले. कोकणात गोठण्याची भीती नाही, बर्फ इथे हौद्यातच असतो. पण ग्लायकॉलने उकळण्याचे तापमान वाढते आणि त्याच्यासोबतची रसायने गंज रोखतात. इथे खरी गरज त्यांची. निम्मे कुलंट आणि निम्मे क्षारविरहित पाणी हे रूढ प्रमाण. रंग हिरवा, गुलाबी, निळा कोणताही असो, तो गुण नव्हे, तो फक्त रंग आहे. दोन वेगळ्या जातींची कुलंटे मिसळली तर आत गाळ धरू शकतो. काढलेले कुलंट बादलीत उघडे ठेवू नये. ते चवीला गोड आणि पोटात विषारी असते, आणि गॅरेजच्या अंगणात कुत्री असतातच.

झाकण आणि पाणी झाले की बेल्ट. अंगठ्याने दाबल्यावर तो किती दबतो हे पाहावे, भेगा पाहाव्यात, चमक आली असेल तर तो घसरतो असे समजावे. खालचा होज पाइप आतून कुजला की इंजिन रेस केल्यावर पंपाच्या ओढीने आत ओढला जातो आणि पाण्याची वाट अडते. उभ्या गाडीत तो अगदी धडधाकट दिसतो, त्यामुळे त्याच्यावर संशय जायला फार उशीर लागतो.

पंख्याची परीक्षा सकाळच्या वर्तमानपत्राने होते. इंजिन चालू ठेवून पान रेडिएटरच्या समोरून लावायचे. पंखा नीट ओढत असेल तर ते जाळीला चिकटून राहते, गळून पडले तर ओढ कमी आहे. बातमी कोणतीही चालते. काही गाड्यांचा पंखा व्हिस्कस जातीचा असतो. त्याच्या पोटात सिलिकॉनचे घट्ट तेल असते आणि इंजिन तापले की ते पंख्याला जोराने फिरवू लागते. तेल गळून गेले की गरम इंजिन बंद करून बोटाने ढकललेला पंखा मोकळ्या भिंगरीसारखा फिरत राहतो; फिरता कामा नये. पंख्याभोवतीचे प्लास्टिकचे कडे हा आणखी एक उपेक्षित भाग. वारा रेडिएटरमधूनच ओढला जावा, इकडून-तिकडून येऊ नये, यासाठी ते असते. पण मागे कधीतरी बेल्ट बदलताना ते आड येत होते, म्हणून काढले आणि गॅरेजच्या मागच्या भिंतीला टेकवून ठेवले. ते तिथेच असते. त्यात बऱ्याचदा तुळस लावलेली असते.

रेडिएटरची समोरची बाजू पाहण्याआधी तिथवर पोहोचावे लागते. पुढे लोखंडी गार्ड असतो, गार्डवर चार जादा दिवे, दिव्यांच्या मध्ये दोन भोंगे, भोंग्यांवर लिंबू-मिरची, शेजारी काळी बाहुली, गेल्या नारळी पौर्णिमेचा वाळलेला हार आणि या सगळ्यांच्या मागे, बरोबर जाळीच्या मापाची, ‘आई एकवीरा प्रसन्न’ ही पत्र्याची पाटी. वाऱ्याने आत शिरायचे कुठून, हा प्रश्न मालकाला विचारला तर तो दुखावला जातो. पाटी काढा म्हणणारा मेकॅनिक त्या गावात फार दिवस टिकत नाही. शहाणे मेकॅनिक पाटी केबिनच्या वर बसवायला सुचवतात. देवीची जागा उंचावते, पाटी लांबून दिसते आणि रेडिएटरला वारा लागतो. गाडी तापायची थांबते आणि श्रेय योग्य ठिकाणी जाते.

पाटीच्या मागे काय निघेल हे गाडीच्या पूर्वायुष्यावर अवलंबून. भाताच्या पेंढ्याच्या काड्या, मेलेले किडे, खाऱ्या वाऱ्याने भुरभुरीत झालेल्या जाळीच्या पातळ पट्ट्या आणि वाळू. वाळू येते ती काशीद, दिवेआगरच्या पुळणीवरून. शनिवार-रविवारी पर्यटक आपल्या गाड्या थेट लाटांपर्यंत नेतात, तिथे रुततात आणि त्यांना दोर बांधून बाहेर काढायला पिकअप लागते. त्या कामाचे पैसे रोख मिळतात आणि रेडिएटरला वाळू फुकट मिळते. जाळी धुताना पाणी इंजिनच्या बाजूने बाहेरच्या दिशेला, कमी दाबाने सोडावे. सर्व्हिसिंगवरची मुले समोरून प्रेशर गन लावतात. घाण आणखी आत जाते आणि जाळीच्या नाजूक पट्ट्या झोपतात. गाडी मात्र चकचकीत दिसते.

बाहेरून स्वच्छ असूनही खिंडीत काटा चढत असेल, तर रेडिएटर आतून भरलेला असू शकतो. इंजिन गरम करून बंद करावे आणि पंखा थांबल्यावर रेडिएटरच्या जाळीवरून, जपून, हात फिरवावा. जिथे एकदम थंड लागेल तिथल्या नळ्यांतून पाणी जात नाही. जुने तांब्या-पितळेचे रेडिएटर खोलून नळ्यांतून पट्टी घालून साफ करता येतात, याला रॉडिंग म्हणतात. प्लास्टिकच्या टाक्यांचे नवे अ‍ॅल्युमिनियमचे रेडिएटर या उपचाराला दाद देत नाहीत, ते बहुधा बदलावेच लागतात.

थर्मोस्टॅट, म्हणजे एसटीच्या चालकाने उल्लेखलेला वॉल, हा या प्रकरणातला सगळ्यात बदनाम भाग. त्याच्या पोटात मेण असते. बहुतेक थर्मोस्टॅट ८२ अंशांच्या आसपास उघडू लागतात: मेण वितळून फुगते, दांडी सरकते आणि पाण्याला रेडिएटरची वाट मोकळी होते. तो बंद अवस्थेत अडकला तर गाडी तापते, हे खरे. त्यावर तो काढूनच टाकायचा हा महाराष्ट्रभर मान्य झालेला इलाज, हे काही खरे नाही. थर्मोस्टॅट नसलेले इंजिन सपाट रस्त्यावर हवे तेवढे तापत नाही, डिझेल जास्त पिते आणि लवकर झिजते. शिवाय काही इंजिनांत तोच थर्मोस्टॅट उघडताना बाजूची आडवाट बंद करत असतो. तो काढला की थोडे पाणी रेडिएटरकडे न जाता आतल्या आत घिरट्या घालते आणि गाडी चढावर आणखी तापते. काढण्याआधी परीक्षा घ्यावी. ती सोपी आहे: थर्मोस्टॅट दोऱ्याला बांधून पाण्याच्या टोपात सोडावा, टोप गॅसवर ठेवावा आणि पाणी उकळायच्या आत तो उघडतो का पाहावे. टोप चहाचा घेऊ नये. घेतलाच तर घरात सांगू नये.

पाण्याच्या पंपाबद्दल फार सांगण्यासारखे नाही. बेअरिंग गेले तर तो आवाज करतो, सील गेले तर खालच्या बारीक भोकातून थेंब टाकतो, आणि मचूळ पाण्याने आतली पाती खाल्ली असतील तर काहीच न करता गप्प बसतो. तिसरा प्रकार उघडल्याशिवाय कळत नाही.

आतापर्यंत काहीच सापडले नसेल तर गाडीकडून थोडे माणसाकडे वळावे. दीड टनाच्या पासिंगच्या गाडीत किती माल आहे हा प्रश्न विचारायचा असतो, उत्तरावर विसंबायचे नसते. मासळीचे वजन सांगितले जाते, बर्फाचे सांगितले जात नाही, कारण बर्फाचे भाडे मिळत नाही. इंजिनला मात्र तोही ओढावा लागतो. थळ किंवा अलिबागहून निघालेल्या गाडीला कार्लेखिंड अगदी सुरुवातीला लागते, तेव्हा बर्फ अजून पुरता शाबूत असतो. पुढे तो थेंबाथेंबाने रस्त्यावर वजन सोडत जातो, मागच्या दुचाकीवाल्यांचे शिव्याशाप मिळवतो आणि गाडी हळूहळू शांत होते. दुसरी गोष्ट गिअरची. डिझेल वाचवायला चढावर चौथ्यातच गाडी रेटली, तर इंजिन हळू फिरते, आणि त्यामुळे पंप आणि बेल्टवरचा पंखाही हळू फिरतात. मेहनत मात्र दुप्पट चालू असते. खालच्या गिअरमध्ये गाडी ओरडते पण कमी तापते. हे चालकाला सांगितले, तर ‘लायसन कोणाकडं आहे?’ असा प्रतिप्रश्न येतो. तिसरी गोष्ट ब्रेक. खाऱ्या पाण्याने ते जाम होतात आणि गाडी ब्रेक दाबलेलाच असल्यासारखी चालत राहते. दहा-बारा किलोमीटर चालवून चारही चाकांच्या मध्यभागाजवळ हात न्यावा. एक चाक इतरांपेक्षा जास्त गरम लागले तर इंजिनची बेगुनाही सिद्ध झाली.

हे सगळे निर्दोष ठरल्यावर मगच हेड गॅस्केट. ते खरोखर फाटले असेल तर लपून राहत नाही. झाकण काढून थंड इंजिन चालू केले की रेडिएटरच्या तोंडाशी सतत बुडबुडे येतात, कारण जळालेला वायू पाण्यात शिरत असतो. सकाळी चालू केल्यावर एक-दोन मिनिटांतच, पाणी तापायच्या आधीच, वरचा होज पाइप दगडासारखा कडक होतो. सायलेन्सरमधून पांढरा धूर निघतो आणि थांबत नाही. तेलात पाणी गेले असेल तर ऑइलच्या झाकणाखाली दुधट चिकटा दिसतो. याहून पक्की खूण हवी असेल, तर निळ्या रंगाचे एक तपासणीचे द्रावण मिळते. रेडिएटरमधली हवा त्यातून ओढली आणि त्याने रंग बदलला, तर संशय संपला. मग हेड उतरवायचे, लेथवाल्याकडे नेऊन पातळी तपासायची, वाकले असेल तर फेसिंग करून घ्यायचे आणि नवे गॅस्केट घालून बोल्ट ठरलेल्या क्रमाने, ठरलेल्या जोराने आवळायचे. अंदाजाने आवळलेले हेड पुन्हा उतरते. मालक हे सगळे समाधानाने पाहतो. आपण पहिल्याच दिवशी हेच म्हणालो होतो, हे तो गॅरेजमधल्या प्रत्येकाला सांगतो, आणि ते खरेही असते. आधीचे झाकण वेळेवर बदलले असते तर गाडी इतक्यांदा उकळली नसती आणि गॅस्केट फाटले नसते, हे त्याला सांगणे गॅरेजच्या हिताचे नसते.

काहीही दुरुस्त केले तरी शेवटी कुलंट भरताना आतली हवा काढावी लागते. गाडीचे तोंड चढाकडे करून उभी करावी, झाकण उघडे ठेवून थंड इंजिन चालू करावे, हीटर असल्यास सोडावा आणि बुडबुडे थांबेपर्यंत हळूहळू भरत राहावे. आत अडकलेला हवेचा एक फुगा थर्मोस्टॅटजवळ बसला, तर नुकतीच बरी झालेली गाडी वडखळपर्यंत पुन्हा तांबड्यात जाते आणि दुरुस्तीत न झालेले सगळे आरोप नव्याने होतात. दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना, पातळी एकदा पाहावी. उरलीसुरली हवा निघून गेल्यामुळे ती बोटभर खाली आलेली असते. तेवढे भरावे. त्याहून जास्त खाली गेली असेल, तर तपासणी पुन्हा झाकणापासून सुरू करावी.